लिहायचं कुठेही, बिल्ड मात्र एकाच ठिकाणी

स्टॅटिक साइट म्हणजे शेवटी फाइलींनी भरलेलं एक फोल्डर. डेटाबेस नाही, लॉगिन नाही, सर्व्हरवर सतत चालणारा प्रोग्राम नाही. एकाच संगणकावरून काम होत असेल तोवर तिच्या देखभालीत काहीच कठीण नसतं. प्रश्न सुरू होतात ते दुसरा संगणक आल्यावर. आमची साइट ह्यूगो या प्रोग्रामने बनते; लिहिलेल्या लेखांवरून तो तयार पानं बनवतो, आणि या बनवण्यालाच बिल्ड म्हणतात. साइटवर तीन यंत्रांवरून काम होतं: टेबलावरचा लिनक्स पीसी, एक विंडोज लॅपटॉप आणि एक मॅकबुक. तिन्हीकडचं काम एकमेकांवर न चढता साइटवर पोचावं म्हणून जी व्यवस्था लावली आणि पुढे टिकली, ती इथे तपशिलात देत आहोत. ह्यूगोऐवजी जेकिल किंवा इलेव्हन्टी वापरत असाल तरी यातलं बहुतेक सगळं तसंच लागू होतं.

पहिलं काम म्हणजे फाइलींचे दोन ढीग वेगळे करणं. एक ढीग मूळ फाइलींचा: मार्कडाउनमधले (साध्या खुणा घालून लिहिलेले) लेख, लेआउट, चित्रं, सीएसएस आणि सेटिंगची फाइल. दुसरा ढीग यंत्राने तयार केलेल्या फाइलींचा: ह्यूगो 'पब्लिक' फोल्डरमध्ये ओततो ते सगळं एचटीएमएल, आणि 'रिसोर्सेस'च्या आतला 'जेन' नावाचा कॅश. संगणकांमध्ये फिरायचा तो फक्त पहिला ढीग. दुसरा कधीच नाही. फाइलींच्या बदलांचा इतिहास ठेवणारं साधन म्हणजे गिट, आणि कुठल्या फाइली सोडायच्या ते त्याला सांगणारी फाइल म्हणजे गिटइग्नोर. तिच्यात पब्लिक फोल्डर, तो कॅश, नोड मॉड्यूल्स, ह्यूगोची बिल्ड-लॉक फाइल, मॅकची डीएस-स्टोअर आणि विंडोजची थंब्स-डीबी इतकं पहिल्याच कमिटमध्ये (बदलांच्या पहिल्या नोंदीत) घालून टाकावं. एकदा गिटमध्ये शिरलेली फाइल नंतर गिटइग्नोरमध्ये लिहून बाहेर जात नाही. ती 'गिट आरएम --कॅश्ड' करून काढावी लागते.

पब्लिक फोल्डर गिटमध्ये ठेवायची पद्धत अनेक ठिकाणी दिसते आणि एका संगणकावर ती खपूनही जाते. तीन संगणकांवर मात्र ती लवकरच गळ्याशी येते. मेनूमध्ये एक शब्द बदलला की साइटचं प्रत्येक पान नव्याने लिहिलं जातं. दोन यंत्रांवर दोन वेगळे शब्द बदलले, तर शेकडो एचटीएमएल फाइलींमध्ये कॉन्फ्लिक्ट (एकाच जागी दोन वेगळे बदल) उभे राहतात, आणि ते हाताने सोडवण्यात काही अर्थ नसतो, कारण त्या फाइली माणसाने लिहिलेल्याच नाहीत.

दुसरा धोका जास्त गुपचूप येतो. ह्यूगो बिल्ड करताना पब्लिकमधल्या जुन्या फाइली आपणहून पुसत नाही. मॅकवर एक लेख काढून टाकला, तिथून साइट चढवली, पान गेलं. पण लिनक्स पीसीवरच्या पब्लिकमध्ये त्या लेखाचं जुनं एचटीएमएल तसंच पडून असतं. पुढच्या वेळी पीसीवरून बिल्ड करून चढवलं की काढलेलं पान पुन्हा हजर, आणि एररची एक ओळही नाही. बिल्डच्या आधी पब्लिक पूर्ण पुसणं हा यावरचा तात्पुरता उतारा. तीन यंत्रांनी तीन ठिकाणी बिल्ड करणंच बंद करणं हा कायमचा. त्याकडे पुढे येऊ.

ड्रॉपबॉक्स, वनड्राइव्ह किंवा तत्सम सिंक होणाऱ्या फोल्डरमध्ये साइटचा गिट रेपो (फाइली आणि त्यांचा इतिहास असलेलं फोल्डर) ठेवावा का, हा प्रश्न हमखास येतो. ठेवू नये. एक कमिट केली की गिट एकाच वेळी अनेक फाइलींना हात लावतो: नवे ऑब्जेक्ट (साठवलेला मजकूर), इंडेक्स, ब्रँचचं (कामाच्या धाग्याचं) टोक दाखवणारी फाइल. यांचा आपसात मेळ असायलाच हवा. सिंक करणारा प्रोग्राम मात्र त्या सुट्या फाइली समजून, सापडतील त्या क्रमाने उचलतो. ब्रँचचं टोक दुसऱ्या यंत्रावर आधी पोचलं आणि ते ज्या ऑब्जेक्टकडे बोट दाखवतं तो वाटेतच राहिला, की तिथला रेपो मोडलेला दिसतो. त्यात दोन्हीकडे काम झालं असेल तर गिटच्या पोटात 'कॉन्फ्लिक्टेड कॉपी' नावाच्या फाइली साचू लागतात. नुसते लेखांचे कच्चे खर्डे सिंक फोल्डरमध्ये असायला हरकत नाही. गिटचं फोल्डर मात्र त्याच्या बाहेरच.

मग मधला दुवा म्हणून एकच रेपो लागतो. गिटहब, गिटलॅब, कोडबर्ग, यांपैकी कुठलाही चालेल. स्वतःचा सर्व्हर असेल तर त्यावर 'गिट इनिट --बेअर' केलेलं एक फोल्डरही (कामाच्या फाइली नसलेला, नुसता इतिहास ठेवणारा बेअर रेपो) पुरतं. आमचा सर्व्हर आहे, म्हणून आम्ही बेअर रेपो निवडला. गिट हे साधन 2005 पासून नेमक्या याच कामासाठी आहे: अनेक ठिकाणी पूर्ण प्रती, आणि सगळ्यांच्या सहमतीचं एक केंद्र.

केंद्रापर्यंत पोचायला एसएसएच की (दुसऱ्या यंत्रावर सुरक्षित शिरायची डिजिटल किल्ली) लागते, आणि इथे एक नियम कडक पाळावा. प्रत्येक यंत्राची की वेगळी. एकच खासगी की पेनड्राइव्हवरून तिन्हीकडे नेणं सोपं वाटतं, पण लॅपटॉप हरवला तर तिन्हीकडची की बदलावी लागते. वेगळ्या असतील तर सर्व्हरवरच्या ऑथराइज्ड-कीज फाइलमधली एक ओळ पुसली की काम झालं. 'एसएसएच-कीजेन -टी ईडी२५५१९' ही आज्ञा प्रत्येक यंत्रावर चालवायची आणि 'सी' पर्यायात यंत्राचं नाव आणि वर्ष घालायचं, म्हणजे दोन वर्षांनी कोणती ओळ कोणाची ते कळतं. पासफ्रेज द्यावाच. लिनक्स आणि मॅकवर खासगी कीची परवानगी ६०० (फक्त मालकाला वाचता-लिहिता येईल अशी) हवी. ती सैल असेल तर एसएसएच ती की वापरायलाच नकार देतं. गिटहबवर नेहमीचा पासवर्ड देऊन पुश करणं (आपल्या कमिट केंद्राकडे पाठवणं) ऑगस्ट २०२१ पासून बंद आहे, त्यामुळे तिथेही की किंवा टोकन लागतंच.

आता यंत्रं एकसारखी करणं. नवीन संगणकावर गिट आणि ह्यूगो बसवायचा आणि 'गिट क्लोन --रिकर्स-सबमॉड्यूल्स' करायचं, म्हणजे केंद्राची पूर्ण प्रत उतरते. तो शेवटचा पर्याय विसरला आणि थीम सबमॉड्यूल (रेपोच्या आत जोडलेला दुसरा रेपो) म्हणून जोडलेली असली, तर थीमचं फोल्डर दिसतं पण आत रिकामं असतं. ह्यूगो 'फाउंड नो लेआउट फाइल' असा इशारा देतो, बिल्ड यशस्वी झाल्याचं सांगतो आणि ब्राउझरमध्ये पांढरं पान उघडतं. अशा वेळी लेआउटमध्ये चूक शोधत बसू नये. 'गिट सबमॉड्यूल अपडेट --इनिट --रिकर्सिव्ह' चालवावं.

ह्यूगोची आवृत्ती हा त्याहून चिवट विषय आहे. विंडोज किंवा मॅकवर पॅकेज मॅनेजर ताजी आवृत्ती आणतात. डेबियन १२ या लिनक्स वितरणातलं पॅकेज मात्र ०.१११ चं आहे. मधल्या काळात सेटिंगची नावं बदलली. एका पानावर किती लेख दाखवायचे ते आधी 'पॅजिनेट' या नावाने लिहीत. ०.१२८ पासून ते 'पॅजिनेशन'च्या आत 'पेजरसाइझ' झालं. नव्या नावाने २० लिहिलं तर मॅकवर २० लेख दिसतात. डेबियनवरचा जुना ह्यूगो ते नाव ओळखत नाही, तक्रारही करत नाही आणि मुकाट्याने आपले ठरलेले १० दाखवतो. दोन यंत्रांवर एकच मजकूर वेगळा दिसू लागला की सर्वात आधी 'ह्यूगो व्हर्जन' विचारावं. आम्ही वितरणाचं पॅकेज न घेता ह्यूगोची एकटी बायनरी (थेट चालणारी प्रोग्राम-फाइल) उतरवून तिन्हीकडे एकच आवृत्ती ठेवतो, सास (सीएसएस लिहायची एक भाषा) लागत असल्यामुळे एक्स्टेंडेड. शिवाय सेटिंगमध्ये मॉड्यूलखाली ह्यूगोव्हर्जनचा किमान आकडा लिहून ठेवतो, म्हणजे जुनी आवृत्ती निदान इशारा तरी देते. आवृत्ती वाढवायची तर ते एक वेगळं काम समजून करावं: तिन्हीकडे, एकाच बैठकीत, लेखाच्या कमिटमध्ये न मिसळता. जेकिलवाल्यांसाठी हेच काम जेमफाइल-लॉक करते आणि नोडवाल्यांसाठी पॅकेज-लॉक. फक्त तिथे 'एनपीएम इन्स्टॉल' ऐवजी 'एनपीएम सीआय' चालवावं, कारण ते लॉक फाइलमध्ये लिहिलंय तेवढंच बसवतं आणि लॉकला हात लावत नाही.

आता फाइलींची नावं. तीन ऑपरेटिंग सिस्टीम एकत्र आल्या की सर्वाधिक वेळ खाणारा भाग हाच, आणि मराठीत लिहिणाऱ्यांना तर तो दुप्पट लागतो.

साधी गोष्ट आधी. विंडोज आणि मॅक रोमन लिपीतल्या मोठ्या-लहान अक्षरांत सहसा फरक करत नाहीत, लिनक्स करतो. कॅमेऱ्याने फोटोच्या नावाअखेर जेपीजी मोठ्या अक्षरांत लिहिलं आणि लेखात आपण लहान अक्षरांत, तर मॅकवर चित्र दिसतं, विंडोजवर दिसतं, आणि सर्व्हरवर ४०४, म्हणजे 'सापडलं नाही', मिळतो. नाव दुरुस्त करताना नुसतं अक्षर लहान केलं तर गिटला बदल झाल्याचं कळेलच असं नाही. मधलं एखादं वेगळंच नाव घेऊन 'गिट एमव्ही' दोन टप्प्यांत करावं. विंडोजला नावात अपूर्णविराम, प्रश्नचिन्ह, तारांकन आणि अवतरणचिन्ह चालत नाही. लिनक्सवर फाइलीच्या नावात १०:३० अशी वेळ घातली की विंडोजवर पुल करताना (केंद्रातलं काम आणताना) 'इनव्हॅलिड पाथ' म्हणून काम अडतं. 'ऑक्स', 'कॉन' आणि 'नल' ही नावंही तिथे राखीव आहेत, आणि पूर्ण पत्ता २६० अक्षरांपलीकडे गेला तर गिटमध्ये 'कोअर.लाँगपाथ्स' चालू करावं लागतं.

आता देवनागरी नावं. 'वाऱ्यावर' हा शब्द घ्या. त्यातला अर्धा र तीन तऱ्हांनी साठवला जाऊ शकतो. एक, नुक्ता आतच असलेलं ऱ हे एकच अक्षर आणि पुढे हलन्त. दोन, साधा र, मग सुटा नुक्ता, मग हलन्त. तीन, साधा र, हलन्त आणि पुढे न दिसणारा शून्य-रुंदीचा जोडक. पडद्यावर तिन्ही अगदी सारखे दिसतात. बाइट्स मात्र वेगळे. पहिले दोन युनिकोडच्या नियमानुसार समतुल्य आहेत, तिसरा त्यांच्याशी समतुल्यही नाही. मॅकची जुनी एचएफएस प्लस फाइल सिस्टीम नाव साठवतानाच पहिल्याचं दुसऱ्यात रूपांतर करायची. २०१७ मध्ये आलेली एपीएफएस नाव दिलं तसं ठेवते, पण शोधताना पहिलं आणि दुसरं एकच धरते. लिनक्सला या दोन स्वतंत्र फाइली वाटतात. परिणाम असा, की लेखातल्या दुव्यात एका कीबोर्डने टंकलेला 'वाऱ्यावर' असतो, फाइलीच्या नावात दुसऱ्या कीबोर्डने टंकलेला, मॅकवर दुवा चालतो आणि सर्व्हरवर तुटतो. डोळ्यांनी पाहून हे कधीच सापडत नाही. 'एक्सएक्सडी' या आज्ञेने बाइट्स काढले तरच कळतं.

गिटमध्ये मॅकवर 'कोअर.प्रीकंपोजयुनिकोड' चालू असलं तर पहिल्या दोन तऱ्हांपुरती बरीच मदत होते. तिसऱ्यासाठी काही नाही. म्हणून आमचा ठाम निर्णय: फाइलींची आणि फोल्डरांची नावं रोमन लिपीत, लहान अक्षरांत, आकडे आणि आडवी रेघ एवढंच. मथळा, वर्ग, टॅग, मजकूर सगळं देवनागरीत. याचा आणखी एक फायदा पत्त्यात दिसतो. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये ३ बाइट घेतं आणि पत्ता कॉपी केला की प्रत्येक बाइटची टक्का-चिन्हासकट ३ अक्षरं होतात. 'मराठी' या शब्दात म, र, काना, ठ आणि वेलांटी मिळून ५ चिन्हं, म्हणजे पत्त्यात ४५ अक्षरं. देवनागरी पत्ते वाचायला सुंदर असतात हे मान्य. एका संगणकावर काम असेल आणि कीबोर्ड एकच असेल, तर जरूर ठेवावेत.

आधीच देवनागरी नावाच्या फाइली असतील तर निदान 'कोअर.कोटपाथ' बंद करावं. ते चालू असताना गिट स्टेटसमध्ये 'म'च्या जागी ३४०, २४४, २५६ असे उलट्या तिरक्या रेघांमागचे आकडे दिसतात, आणि गिटमधून पानाची 'शेवटचा बदल' तारीख काढणारी ह्यूगोची सोय अशा फाइलींसाठी तारीख शोधू शकत नाही. ही सेटिंग यंत्रागणिक असते, रेपोबरोबर येत नाही. नाव बदलल्याने जुना पत्ता मोडू नये म्हणून लेखाच्या वरच्या भागात 'एलियासेस'खाली जुना पत्ता लिहावा. ह्यूगो तिथे नव्या पत्त्यावर नेणारं छोटं पान बनवतो.

ओळीच्या शेवटाचा प्रश्न याच्या तुलनेत पटकन सुटतो. विंडोज ओळ संपवायला दोन चिन्हं वापरतं, बाकीचे एक. संपादकाने सगळी फाइल बदलून टाकली की डिफमध्ये (बदलांच्या यादीत) प्रत्येक ओळ बदललेली दिसते आणि खरा बदल त्यात हरवतो. प्रत्येक यंत्रावर 'ऑटोसीआरएलएफ'शी खेळत बसण्यापेक्षा रेपोमध्येच गिटअॅट्रिब्यूट्स फाइल ठेवून तारांकनापुढे 'टेक्स्ट=ऑटो ईओएल=एलएफ' लिहावं आणि चित्रांच्या प्रकारांना 'बायनरी' म्हणावं. ती फाइल रेपोबरोबर सगळीकडे जाते, हेच तिचं महत्त्व. जुन्या फाइलींसाठी एकदाच 'गिट अॅड --रीनॉर्मलाइज' करून वेगळी कमिट करावी. शेल स्क्रिप्ट विंडोजवरून आल्यावर सर्व्हरवर 'बॅड इंटरप्रिटर' म्हणत असेल तर कारण बहुधा हेच.

रोजच्या कामाची शिस्त थोडी आहे, पण तिच्यात सूट नाही. बसताना 'गिट पुल --रिबेस' (केंद्रातलं काम आणून आपलं त्याच्या पुढे लावणं), उठताना कमिट आणि पुश. लेख अर्धा असला तरी पुश. त्याच्या वर 'ड्राफ्ट: ट्रू' लिहिलेलं असलं की ह्यूगो तो साइटवर आणत नाही, मग लाजायचं कारण नाही. अर्धं काम 'गिट स्टॅश'मध्ये टाकून उठण्याची सवय मात्र सोडावी. स्टॅश त्याच यंत्रावर राहतो, पुशबरोबर जात नाही, आणि दुसऱ्या संगणकावर बसल्यावर तो आहे हेच आठवत नाही.

पुश नाकारला गेला आणि गिट 'फेच फर्स्ट' किंवा 'नॉन-फास्ट-फॉरवर्ड' म्हणालं तर त्याचा अर्थ एवढाच की दुसऱ्या यंत्रावरचं काम इथे अजून आलेलं नाही. पुल --रिबेस करावं आणि परत पुश. इथे '--फोर्स' लावणं म्हणजे दुसऱ्या यंत्रावरचं काम केंद्रातून उडवणं. मुख्य ब्रँचवर ते होऊच नये म्हणून बेअर रेपोमध्ये 'रिसीव्ह.डिनायनॉनफास्टफॉरवर्ड्स' चालू ठेवलं आहे.

कॉन्फ्लिक्ट कमी करायची एक युक्ती लेखकांना विशेष उपयोगी आहे: मार्कडाउनमध्ये प्रत्येक वाक्य नव्या ओळीवर लिहावं. गिट ओळीच्या हिशेबाने तुलना करतं. पूर्ण परिच्छेद एका ओळीत असेल तर त्यातला एक स्वल्पविराम इकडे आणि एक शब्द तिकडे बदलला तरी संघर्ष होतो. वाक्यागणिक ओळ असली की सहसा होत नाही, आणि छापताना मार्कडाउन त्या ओळी एकाच परिच्छेदात जोडतंच. काय बदललं ते पाहायला 'गिट डिफ --वर्ड-डिफ' वापरावं. ते मोकळ्या जागेवर शब्द तोडतं, त्यामुळे मराठीला नीट लागू पडतं.

लिहिलेलं फोनवर कसं दिसतं ते पाहायला साइट चढवायची गरज नाही. 'ह्यूगो सर्व्हर --बाइंड ०.०.०.०' आणि बेसयूआरएलमध्ये त्या संगणकाचा नेटवर्कवरचा पत्ता दिला की त्याच वायफायवरच्या कुठल्याही उपकरणावर १३१३ या पोर्टवर साइट उघडते. बेसयूआरएल दिला नाही तर पान उघडतं, पण दुवे लोकलहोस्टकडे जातात.

आणि आता बिल्ड. तिन्ही यंत्रांवर ह्यूगो आहे तो फक्त पाहण्यासाठी. जगाला दिसणारं बिल्ड एकाच ठिकाणी होतं: बेअर रेपो असलेल्या सर्व्हरवर, पोस्ट-रिसीव्ह हुकमधून. पुश पोचला की हुक, म्हणजे आपोआप चालणारी स्क्रिप्ट, चालतो. मुख्य ब्रँचचा पुश नसेल तर तिथेच थांबतो. असेल तर शेजारच्या कामाच्या प्रतीत जाऊन ताजं उतरवतो, सबमॉड्यूल अद्ययावत करतो, रिकाम्या तात्पुरत्या फोल्डरमध्ये ह्यूगो चालवतो आणि बिल्ड यशस्वी झालं तरच साइटच्या फोल्डरशी मेळ घालतो. बिल्ड फसलं तर जुनी साइट जशीच्या तशी राहते आणि त्रुटीचा मजकूर पुश करणाऱ्याच्या पडद्यावर 'रिमोट' अशा ओळींमध्ये उमटतो. तो वाचायची सवय हवी, कारण पोस्ट-रिसीव्ह फसला तरी पुश यशस्वी झाल्याचंच दिसतं.

हा हुक लिहिताना अडायच्या जागा ठरलेल्या आहेत. हुकच्या आत 'गिट-डिर' हे चल आधीच भरलेलं असतं, त्यामुळे दुसऱ्या फोल्डरमध्ये जाऊन गिट चालवलं तर 'नॉट अ गिट रिपॉझिटरी' मिळतं. सुरुवातीलाच ते 'अनसेट' करावं. हुकला आपल्या नेहमीच्या शेलचा पाथ मिळत नाही, म्हणून ह्यूगोचा पूर्ण पत्ता लिहावा. फाइलीला चालवण्याची परवानगी द्यावी. दोन यंत्रांवरून लागोपाठ पुश आले तर दोन बिल्ड एकमेकांत घुसतात, त्यासाठी 'एफलॉक'ने एका वेळी एकच असं बांधून घ्यावं.

शेवटचा मेळ आरसिंक या फोल्डर जुळवणाऱ्या प्रोग्रामने घालतो, आणि त्याचे पर्याय विचार करून निवडले आहेत. नेहमीचा '-ए' आम्ही वापरत नाही. प्रत्येक बिल्डमध्ये सगळ्या फाइली नव्या वेळेच्या होतात आणि '-ए' ती वेळही पलीकडे नेतो, मजकूर बदललेला नसला तरी. एनजिनएक्स हा वेब सर्व्हर आपला ईटॅग (फाइल बदलली का हे ब्राउझरला कळवणारी खूण) फाइलीची वेळ आणि आकार यांवरून बनवतो. म्हणजे एक लेख बदलला की सगळ्या फाइलींचे ईटॅग बदलतात आणि वाचकांच्या ब्राउझरला न बदललेली चित्रंसुद्धा पुन्हा उतरवावी लागतात. '-आरएलसी' दिलं की तुलना चेकसमने (मजकुरावरून काढलेल्या आकड्याने) होते, वेळ नेली जात नाही आणि खरोखर बदललेल्या फाइलींनाच हात लागतो. सोबत '--डिले-अपडेट्स', म्हणजे बदललेल्या फाइली आधी बाजूला जमा होऊन शेवटी झटक्यात जागेवर येतात. सोबत '--डिलीट', म्हणजे काढलेली पानं खरंच जातात. आणि '--डिलीट'ला लगाम म्हणून '--मॅक्स-डिलीट=५०'. काही बिघडून तात्पुरतं फोल्डर जवळजवळ रिकामं राहिलं तर ५० फाइलींनंतर पुसणं थांबतं आणि आरसिंक २५ हा कोड परत देतो. स्रोताच्या फोल्डरपुढची तिरकी रेघ विसरू नये. ती असली तर फोल्डरच्या आतलं जातं, नसली तर ते फोल्डरच साइटच्या पोटात जाऊन बसतं.

सर्व्हरवर ह्यूगो चालवता येत नसेल, तर हेच काम गिटहब अॅक्शन्ससारख्या सेवेवर करावं. तिथे चेकआउटमध्ये सबमॉड्यूल्स चालू करावेत आणि 'फेच-डेप्थ' शून्य ठेवावी. मुळात ती १ असते, म्हणजे फक्त शेवटची कमिट येते आणि गिटवरून काढलेली 'शेवटचा बदल' तारीख सगळ्या पानांवर एकच पडते. दोन्ही सोयी नसतील आणि लॅपटॉपवरूनच चढवायचं असेल, तर स्क्रिप्टने आधी 'गिट फेच' करून कामाची प्रत स्वच्छ आहे आणि तिचं टोक केंद्राच्या टोकाशी जुळतंय हे तपासावं. नसेल तर पुढे जाऊच नये. शिळ्या प्रतीवरून '--डिलीट'सकट चढवलं की दुसऱ्या यंत्रावरून काल गेलेला लेख आज गायब होतो. पहिल्या वेळी आरसिंकला '-एन' लावून काय पुसलं जाणार त्याची यादी जरूर पाहावी.

बिल्डचं यंत्र बदललं की वेळेचा एक घोटाळा दिसतो. लेखाच्या तारखेत सकाळी ९ लिहिलं पण ऑफसेट (यूटीसीपासूनचा फरक) लिहिला नाही, तर ह्यूगो ती यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) धरतो. लिहिणारा यूटीसीच्या पुढे असलेल्या भागात असेल, तर त्याच्या दृष्टीने आत्ताचा लेख ह्यूगोच्या दृष्टीने भविष्यातला ठरतो, आणि भविष्यातले लेख तो मुळात बनवत नाही. एरर येत नाही, पान येत नाही. 'ह्यूगो लिस्ट फ्यूचर' चालवलं की लेख त्या यादीत सापडतो. सेटिंगमध्ये 'टाइमझोन' एकदा लिहून टाकावा, म्हणजे कोणत्याही यंत्रावर अर्थ एकच.

चित्रांबद्दल थोडक्यात. गिट प्रत्येक आवृत्ती कायमची जपतं. ८ एमबीचा फोटो टाकून नंतर पुसला तरी तो इतिहासात राहतो आणि प्रत्येक नव्या क्लोनबरोबर उतरतो. कमिटच्या आधी रुंदी १६०० पिक्सेलवर आणावी आणि 'एक्झिफटूल -ऑल=' चालवून फोटोतली जागेची नोंद काढावी. त्या आज्ञेने कॅमेऱ्याने नोंदलेली दिशाही जाते, म्हणून फोटो आधी सरळ करून घ्यावा. गिटहब १०० एमबीपेक्षा मोठी फाइल घेतच नाही. मूळ फोटोंचा साठा रेपोबाहेर, वेगळ्या बॅकअपमध्ये ठेवावा.

एखादं यंत्र काढून टाकायची वेळ आली की चार गोष्टी पाहाव्या. 'गिट स्टॅश लिस्ट' रिकामी आहे का. 'गिट लॉग --ब्रँचेस --नॉट --रिमोट्स' काही दाखवतं का, म्हणजे न पाठवलेल्या कमिट उरल्या आहेत का. 'गिट स्टेटस --इग्नोर्ड'मध्ये गिटइग्नोरमुळे मागे राहिलेली एखादी कामाची फाइल, विशेषतः टोकन किंवा पासवर्डची, आहे का. आणि कोणाला न सांगता त्या यंत्रावर चालणारं एखादं क्रॉनचं (ठरल्या वेळी आपोआप होणारं) काम आहे का. हे निपटलं की सर्व्हरवरच्या ऑथराइज्ड-कीजमधली त्या यंत्राची ओळ पुसायची, त्या यंत्रावरून पुश करून पाहायचा, 'परमिशन डिनाइड' आलं याची खात्री करायची आणि मगच डिस्क पुसायला घ्यायची.